जळवांची ईद

जळवेबद्दल माझं मत आजही वाईटच आहे, हे आधी सांगून टाकतो. बीडच्या सरकारी दवाखान्यात मी चोवीस वर्षं कंपौंडर होतो. रक्त, पू, जखमेतले किडे, सगळं पाहिलं आणि नंतर घरी जाऊन नीट जेवलोही. पण ती काळी, ओली वस्तू भांड्याच्या काठावर चढताना दिसली की मी अजून तोंड फिरवतो. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते जळवांच्या प्रेमाखातर सांगतोय असं कुणी समजू नये.

१३२२ फसलीची, म्हणजे इंग्रजी १९१३ सालची गोष्ट; बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. दवाखान्यात तेव्हा डॉक्टर राधाकिशन होते. हैदराबादचे कायस्थ, शेरवानी घालणारे, बोलणं बारा आणे उर्दू. त्यांच्याकडे स्वतःची पितळी खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, होती आणि ती ते कुणाला पुसूसुद्धा देत नसत. कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं की जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारा एक पदार्थ असतो. झालं. माणसाला नाद लागायला एवढं पुरतं. उन्हाळ्यात त्यांनी जळवा लावणाऱ्या हजराबीकडून पाच जळवा मागवल्या आणि काचेच्या बरणीत माझ्या औषधांच्या फळीवर ठेवल्या. मी तोंड वाकडं केलं, पण नोकर माणूस बोलणार काय.

पाचातल्या दोन जळवा त्यांनी मारल्या. एक तीन महिने उपाशी होती. दुसरी त्याच दिवशी एका रोग्याच्या गळवावर लावून पोटभर पाजलेली होती. दोघींच्या डोक्यामागच्या भागाचे कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ काप काढले, रंगात बुडवले आणि मला हाक मारली.

"त्रिंबकराव, इधर आओ. बघा."

मी एक डोळा मिटून पाहिलं. पहिल्या काचेवर लहान लहान थैल्या होत्या, लांब मानेच्या, आणि प्रत्येक थैली बारीक दाण्यांनी गच्च भरलेली. दुसऱ्या काचेवरही थैल्या तशाच होत्या, पण आत दाणे जवळजवळ नव्हतेच.

"ही एकेक थैली म्हणजे एकेक पेशी," डॉक्टर म्हणाले. "आणि जळवेत ही एकटी पेशीच पुरा गदूद आहे, ग्रंथी. तिची नळी थेट दातापर्यंत जाते. हे दाणे तिनं स्वतः बनवलेत. अंड्यात जो पांढरा भाग असतो ना, त्या जातीचा पदार्थ."

"चावायच्या वेळी बनवते?"

"तीच तर गंमत आहे. ऐनवेळी ती काही बनवत नाही. आधीच बनवते, बांधून ठेवते, आणि वाट बघते. दात रुतले की हुकूम येतो आणि सगळा माल एकदम बाहेर. मग पुन्हा भरायला कित्येक दिवस लागतात."

"म्हणजे ज्वारीची कणगी," मी म्हणालो. "एक सुगीनंतरची, एक आखाडातली."

डॉक्टर खूश झाले. अर्थात कणगी म्हणजे काय हे आधी मला त्यांना समजवावं लागलं. मग त्यांनी सांगितलं की माणसाच्या पोटातही अशीच एक ग्रंथी आहे. जेवणाआधी तिच्या पेशी दाण्यांनी भरलेल्या असतात आणि जेवणानंतर ओसरतात. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे सगळं मी मोठ्या रुबाबात हजराबीला जाऊन सांगितलं. ती पन्नाशीची विधवा बाई, बिंदुसरा नदीच्या काठच्या मोहल्ल्यात राहायची. गळू, सूज, काळंनिळं साकळलेलं रक्त, काहीही असो, लोक तिला बोलवायचे आणि ती जळवा लावायची. चाळीस वर्षं तिचा हाच उद्योग. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्यात नवं काय हाय, कंपौंडरसाब? पाजलेली जळू दोन महिने कामाची न्हाई, हे माज्या सासूला बी ठाऊक हुतं. तिच्याकडं कुठं दुर्बीन हुती?"

तिच्या घरात मातीचे दोन रांजण होते, तोंडाला फडकं बांधलेले. त्यात सतरा जळवा, सगळ्या उपाशी ठेवलेल्या. भुकेली जळू चटकन धरते आणि ती सुटल्यावरही जखम सहा-आठ तास वाहत राहते, ते तिला हवं असायचं. चौथ्या दिवशी रांजणातलं पाणी बदलायचं, बस्स. हे काम लग्न होऊन घरात आलेल्या सुनेकडे होतं. अकबरी तिचं नाव, धारूरची. चारच महिने झाले होते. पोर मायाळू, जरा जास्तच. मुंग्यांना साखर घालायची, आणि भाकरीचा पहिला तुकडा दाराशी बांधलेल्या बकरीला.

मुलगा सत्तार गुप्त्या बनवायचा. बाहेरून साधी काठी, आत पोलादी पातं. मुठीजवळचा खटका अंगठ्यानं दाबला की पातं बाहेर. बीडच्या गुप्तीला तेव्हा लांबलांबून मागणी असायची, आणि सत्तारचा हात त्यात भलता साफ होता. खटका असा बसवायचा की काठी हातात घेऊनही माणसाला शोधावा लागे.

त्या वर्षी ईद आणि गणपती पाठोपाठ आले. ईदेच्या दिवशी मी मोहल्ल्यात गेलो होतो, हजराबीनं माझ्यासाठी सुक्या खारका बांधून ठेवल्या होत्या. शिरखुर्मा मी घेत नाही हे तिला माहीत होतं आणि त्यावरून ती दर वर्षी टोमणा मारायची. दारात येईल त्याला ती बसवून खाऊ घालत होती, फकीर असो की गाडीवान. "ईदेच्या दिशी ह्या घरात कुनी जीव उपाशी राहायचा न्हाई," असं ती दहादा म्हणाली असेल. परत निघताना मला बकरी दिसली. मान टाकून बसली होती. मी मनात म्हटलं, हिलाही शिरखुर्मा जास्त झाला वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सत्तारला दवाखान्यात आणलं. पातं काठीत बसवताना सटकलं होतं आणि उजव्या हाताचा अंगठा सांध्याजवळ कापून आरपार निघालं होतं. आरपार म्हणजे जवळजवळ. एका बाजूला करंगळीभर मांस आणि कातडं तेवढं शिल्लक होतं, त्यावर अंगठा लोंबत होता. सत्तारनं दुसऱ्या हातानं तो जागेवर दाबून धरला होता आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

दुसरा कुणी डॉक्टर असता तर त्यानं तो तुकडा कापून बादलीत टाकला असता. राधाकिशन टाके घालत बसले. दीड तास. मी क्लोरोफॉर्म धरला होता. शेवटचा टाका झाल्यावर त्यांनी अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं, सोडल्यावर पुन्हा गुलाबी झालं.

"रक्त जातंय आत," ते म्हणाले. आनंद मात्र नव्हता आवाजात.

दुपारपर्यंत अंगठा जांभळा झाला. संध्याकाळी वांग्यासारखा दिसायला लागला, फुगलेला आणि चकचकीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आत येणारी एक शीर शाबूत होती, पण बाहेर जाणाऱ्या सगळ्या तुटल्या होत्या. आलेलं रक्त तिथंच साकळत होतं. नवी वाट तयार व्हायला पाच-सहा दिवस लागतात आणि तोवर अंगठा सडणार. "उद्या काळा पडला तर काढावा लागेल," ते म्हणाले. उजव्या हाताच्या अंगठ्याशिवाय गुप्तीवाला म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हजराबी खाटेशी बसली होती. तिनं अंगठा पाहिला आणि पदर खोचला. "डॉक्टरसाब, रगत बाहेर काढायचंय ना? वाट मिळंपतूर मी काढते. माज्या जळवा आना रे कुनीतरी."

डॉक्टरांच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी पाहिलं. भुकेल्या जळवा, दाण्यांनी भरलेल्या थैल्या. एक सुटली की आठ तास रक्त झिरपत राहील, मग दुसरी. "हजराबी," ते म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं."

रांजण घेऊन अकबरीच आली, बुरख्यात. हजराबीनं फडकं सोडलं, जळू उचलली आणि अंगठ्यावर ठेवली. जळवेनं तोंड फिरवलं. गोळा होऊन खाली घरंगळली. दुसरी ठेवली, तीही तशीच. तिसरी, चौथी. हजराबीनं अंगठ्याला दुधाचा थेंब लावला, टाचणीनं किंचित टोचून रक्त काढलं. जळवा हलेनात. मग तिनं एक तळहातावर घेऊन उजेडात धरली, आणि मलासुद्धा कळलं. ती जळू नव्हती, पिकलेलं जांभूळ होतं.

"अम्मा, कावून धरंनात त्या?" सत्तार विचारत होता. अफूच्या गोळीनं त्याची जीभ जड झाली होती. "कुनी पाजलं त्यांना?"

हजराबीनं मान वर करून सुनेकडे पाहिलं. जाळीमागचा चेहरा दिसत नव्हता, पण बुरखा खालपासून वरपर्यंत थरथरत होता. हे किती वेळ चाललं? श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ.

"म्या पाजलं," हजराबी म्हणाली. "ईद हुती. इसरले. म्हातारी झाले रे बाबा."

सत्तारनं डोळे मिटले आणि भिंतीकडे तोंड केलं. खोलीत आणखी दोन-चार माणसं होती, ती एकमेकांकडे पाहू लागली. चाळीस वर्षं जळवा लावणारी बाई जळवा पाजून बसली, ही बातमी सकाळपर्यंत गावभर होणार हे तिला कळत नव्हतं असं नाही.

बाहेर ओसरीत ती अकबरीला घेऊन आली. मी तिथंच होतो. कुणी मला जा म्हणालं नाही आणि मी गेलो नाही. दोघी आपसात दखनीत बोलल्या. माझी दखनी कच्ची, म्हणून मी इथं मराठीत सांगतो.

"कशाला पाजलंस?"

"बकरीच्या कासंला लावल्या. कानाला लावल्या." पोरीचा आवाज फुटत होता. "आपला रोजा तीस दिसांचा. त्यांचा आडीच महिन्यांचा झाला हुता, अम्मा. तुमीच म्हनलता, ईदेच्या दिशी ह्या घरात कुनी जीव उपाशी राहायचा न्हाई. मला वाटलं, त्या बी घरातल्याच."

हजराबीला राग आला नसेल असं कसं म्हणू. तिनं उचललेला हात मी पाहिला. तो तसाच हवेत राहिला आणि मग तिनं त्यानं स्वतःचंच कपाळ धरलं. तिचंच वाक्य होतं. ती त्याच्याशी भांडणार तरी कशी?

"उपाशी जळवा पायजेत," ती म्हणाली. "आजच्या आज."

तेव्हा मला फळीवरची बरणी आठवली. डॉक्टरांच्या तीन जळवा उरल्या होत्या, उन्हाळ्यापासून उपाशी. पुढच्या अभ्यासासाठी त्यांनी त्या जपल्या होत्या. मी काही बोलायच्या आत ते स्वतःच बरणी घेऊन आले. पहिली जळू अंगठ्यावर ठेवली तशी तिनं कसलीही चौकशी न करता दात रोवले. अर्ध्या तासानं फुगून सुटली आणि तिच्या जागी काळं रक्त थेंब थेंब वाहू लागलं. ते थांबेना. त्या जळवेच्या थैल्यांत उन्हाळाभर साठवलेलं जे होतं ते आता सत्तारच्या अंगठ्यात काम करत होतं. वांग्याचा रंग उतरत उतरत जांभळ्यावर आला.

तीन जळवा म्हणजे एक दिवस. हवे होते सहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाई दूध घालायला आली. नारायणगडाच्या वाटेवरच्या एका गावात तिचं घर, म्हशी पाळायची आणि बैलगाडीनं दवाखान्यात दूध आणायची. हजराबीनं तिला विचारलं, "तुज्या गावच्या तळ्यात जळवा हायत का?"

"लई. म्हस बाहेर निगाली की धाबारा तरी चिकटलेल्या असत्यात."

"मग त्या कामाच्या न्हाईत. म्हशीवर पोट भरलेल्या. असं पानी सांग जिथं जनावर उतरत न्हाई."

छबुबाईनं जरा विचार केला. "मग वरचं तळं. आखाडात जनावरांना खुरकूत आलता, तवापासनं पाटलानं काट्या लावल्यात त्याला. एक खूर भिजला न्हाई दोन महिने."

दोन महिने उपाशी. हजराबीनं सुनेकडे पाहिलं. "जा. पाय पान्यात सोडून उभी रहा. चिकटली आन् तोंडानं जागा शोधाया लागली की उचलायची, दात लावू द्यायचा न्हाई. जिनं दात लावला ती येगळ्या मडक्यात. तिचं संपलं." आणि डॉक्टरांनी मला सांगितलं, "त्रिंबकराव, तुम्ही सोबत जा." माझ्या घरी गणपती बसलेला. मी तसं म्हणालो. "मग आरतीपर्यंत परत या," ते म्हणाले.

गाडीनं दोन कोस गेलो. छबुबाईनं काट्या बाजूला सारल्या. पाणी हिरवं, शांत, बघूनच अंगावर काटा आला. अकबरी बुरखा काठावर ठेवून गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरली आणि मी अर्थातच पाठ फिरवून बसलो, मांडीशी दोन मडकी. छबुबाई तिच्या पिंढऱ्यांवरच्या जळवा वेचून माझ्या हाताशी आणून देत होती. "ही कोरी. ही बी कोरी. हिनं चावलं." मी न बघता मडक्यात टाकत होतो. तळहातावर त्यांचं ते वळवळणं अजून आठवतं. त्या दिवशी मी देवाची जेवढी नावं घेतली तेवढी सोवळ्यातही घेतली नसतील.

बराच वेळ झाला. चावलेल्यांचं मडकं भरत चाललं होतं. कोऱ्या अठराच. छबुबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ही पोरगी एक बी झटकीना हो. पळून जाईल म्हनून हात बी हलवत न्हाई. पाय रगतानं भरलेत. तुमी उतरा की जरा."

"मी?"

"का, तुमच्या पिंढऱ्या का देवाला वाहिल्यात?"

मी धोतर खोचलं. अकबरी बाहेर आली, तोंड फिरवून बसली, आणि मी उतरलो. त्याविषयी जास्त सांगत नाही. नऊ कोऱ्या मिळाल्या आणि चौघींनी माझ्या पायात आपल्या कणग्या रिकाम्या केल्या. एकूण सत्तावीस कोऱ्या जळवा घेऊन आम्ही दुपारच्या आत दवाखान्यात पोचलो. संध्याकाळच्या आरतीला माझ्या पायांतून अजून रक्त गळत होतं. बायकोनं धोतर पाहिलं आणि मला देवघरातून बाहेर काढलं.

पुढचे पाच दिवस हजराबी खाटेजवळून हलली नाही. एवढ्या सुजेला एकीनं भागेना म्हणून ती बहुधा दोन-दोन लावायची; त्या सुटल्या, रक्त थांबायला आलं, रंग गडद व्हायला लागला की पुढच्या. मीठ किंवा तंबाखू टाकून जळू सोडवायला ती कुणाला द्यायची नाही. तशी सोडवलेली जळू जखमेत ओकते म्हणायची. जळू आपणहून सुटेपर्यंत बसून राहायचा धीर तिला होता. मी मात्र मडक्यात डोकावून किती उरल्या ते बघत होतो. बाहेर ओसरीत लोक बोलायचे, तेही कानावर येत होतं. हजराबी म्हातारी झाली, आता तिच्या हाती जीव द्यायचा का, वगैरे. तिच्याही कानावर येत असेल. अकबरी कोपऱ्यात बसून मडक्याचं पाणी बदलायची.

पाचव्या संध्याकाळी सत्ताविसावी जळू लावली. मडकं रिकामं झालं. डॉक्टरांनी सकाळसाठी हत्यारं उकळून ठेवायला सांगितली आणि मी ती उकळली. चाकू, लहान करवत, चिमटे.

सकाळी अंगठ्यातून रक्त थांबलेलं होतं. आता जे असेल ते अंगठ्याचं स्वतःचं. डॉक्टरांनी फडकं काढलं. रंग फिक्कट जांभळा होता, कसलाच अंदाज येत नव्हता. त्यांनी नख दाबलं. पांढरं झालं. सोडलं. नख हळूहळू भरलं, आणि भरलं ते गुलाबी.

ते अर्धा तास थांबले आणि पुन्हा दाबलं. पुन्हा गुलाबी. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "त्रिंबकराव, ती करवत उचला इथून." मी ती कपाटात नेऊन अगदी मागे ठेवली.

तीन आठवड्यांनी सत्तार शेवटची पट्टी सोडवायला आला. सोबत आई आणि बायको. टाके आधीच काढले होते. अंगठ्याला भोवतीनं पांढरट वण होता, टोकाला स्पर्श नीट कळत नव्हता, पण वाकत होता. डॉक्टरांनी त्याला त्याचीच एक गुप्ती दिली. त्यानं अंगठा खटक्यावर ठेवला, दाबला, आणि पातं सर्रकन बाहेर आलं. डॉक्टर दोन पावलं मागे सरकले.

सत्तार आईकडे बघून हसला. "अम्मा, हात वाचला. आता तू जळवा हिच्या हाती दे आन् बस. तुला इसर पडाया लागलाय."

ओसरीत बसलेल्या दोन रोग्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा अकबरी बोलली. सगळ्यांसमोर, आणि आवाज अजिबात न कापता. "अम्मा इसरल्या न्हाईत. जळवा म्या पाजल्या हुत्या. त्यांनी माजं नाव झाकलं."

सत्तारनं पातं काठीत सारलं, खटका बसल्याचा आवाज होईपर्यंत थांबला.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "अम्मानं चाळीस वर्षांत एक जळू पाजली न्हाई. ती म्हनली तवाच कळलं हुतं."

"मग बोलला कावून न्हाईत?"

"घरी आल्यावर बोलनार हुतो. लई बोलनार हुतो." तो अंगठ्याकडे बघत होता. "मग तू न्हाऊन आलीस तवा पाय दिसले. बावीस खुना हायत. रिकामा बसलो हुतो, मोजल्या म्या."

मी फळीकडे वळून बाटल्या पुसायला लागलो. त्या सकाळीच पुसलेल्या होत्या.

"तेवीस," मागून हजराबी म्हणाली. "एक टाचंच्या वर हाय, मागच्या अंगाला. तिला पट्टी म्या बांधली हुती."